८ बाय ४ फुटांच्या घरगुती सीएनसी राउटरला लांब अॅक्सिसवर काय लावू? बॉलस्क्रू, रॅक की बेल्ट (नाशिक)

देवघरवाला_अंबड

नमस्कार मंडळी. अंबडला आमचं छोटं वर्कशॉप आहे, वडील सुतार, मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. देवघरं, मखर, दरवाज्यांची नक्षी, एमडीएफची जाळी असं काम असतं. आत्तापर्यंत जाळी बाहेरून कापून आणायचो पण वेळेवर मिळत नाही आणि गिऱ्हाईक आपल्याला बोलतं, म्हणून गेल्या दिवाळीपासून स्वतःच सीएनसी राउटर (कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं-कोरायचं मशीन) बांधायला घेतलंय.

आत्ता कुठवर आलंय ते सांगतो. फ्रेम १०० बाय ५० च्या बॉक्स पाईपची, वेल्डिंग झालंय. २० मिमीचे रेल दोन्ही बाजूला. गॅन्ट्री (रेलवर पुढेमागे सरकणारा आडवा पूल), झेड (वरखाली होणारा भाग) आणि २.२ किलोवॅटचा वॉटरकूल स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर) मिळून ५५ किलो भरलं (लिंक रोडला भंगारवाल्याच्या काट्यावर नेऊन वजन केलं). आडव्या अॅक्सिसला १६१० बॉलस्क्रू (१६ मिमी जाडीचा, १० लीडचा म्हणजे एका फेऱ्याला १० मिमी सरकवणारा) लावलाय, १३०० मिमीचा, तो लोण्यासारखा चालतो. आता अडकलोय लांब बाजूला. पूर्ण शीट म्हणजे २४४० मिमी कापायचीय, त्यामुळे ट्रॅव्हल २५०० धरलाय आणि बेअरिंग ते बेअरिंग साधारण २७०० होतंय.

सामान घेतो त्या दुकानदाराने सांगितलं की २५१० बॉलस्क्रू एकच मधोमध टाक, रॅकला (दातांची सरळ पट्टी, तिच्यावर पिनियन म्हणजे छोटं दातेरी चाक फिरतं) बॅकलॅश म्हणजे दातांत खेळ असतो, नक्षीकामात रेघा दिसतील. एका मित्राचं म्हणणं बेल्ट लाव, स्वस्तात होईल. माझ्याकडे नेमा ३४ मापाच्या साडेआठ न्यूटनमीटरच्या दोन स्टेपर मोटरी (छोट्या छोट्या स्टेपने फिरणाऱ्या) ड्रायव्हरसकट पडून आहेत. अचूकता मला ०.२ मिमीपर्यंत चालेल, देवघराच्या कमानी एकमेकांत बसल्या पाहिजेत एवढंच. पण स्पीड हवा, कारण सागवानावर थ्रीडी नक्षी करताना पास हजारोंनी असतात. पैसे एकदाच घालायचेत, ज्यांनी स्वतः बांधलंय त्यांनी सांगा प्लीज.

पिनियन_२०

दादा, थांबा, स्क्रू घेऊ नका. मी हेच केलंय आणि वर्षभराने काढलंय, म्हणून जरा लांबडं लिहितो.

मी सिन्नरला आहे, माझं मशीनही ८ बाय ४, २५१० मधोमध, एक मोटर. आडव्या अॅक्सिसला स्क्रू छान चालतो म्हणून लांबीलाही तोच, असा सरळ विचार केला होता. पहिल्यांदा मशीन चालवलं तेव्हा हळू स्पीडला सगळं झकास. मग रॅपिड (न कापता नुसतं सरकायचा स्पीड) वाढवत गेलो. साडेचार मीटर प्रति मिनिटाच्या पुढे गेलं की आधी एक घुमल्यासारखा आवाज यायचा, मग स्क्रूच्या मधल्या भागात बघितलं तर त्याच्या कडा धूसर व्हायच्या, २५ चा स्क्रू डोळ्याला ३० चा दिसायचा. उड्या मारायच्या दोरीसारखा पोट काढून फिरत होता. टेबलावर ठेवलेला व्हर्नियर सरकत सरकत खाली पडला एकदा. मला वाटलं बेअरिंग खराब, बदलले. कपलिंग बदललं. नंतर कळलं की दोष कशातच नाही, लांबीच तेवढी आहे.

प्रत्येक स्क्रूला एक क्रिटिकल स्पीड असतो, तो आला की स्क्रू फडफडतो. हा स्पीड स्क्रूच्या दाताच्या मुळाशी जी जाडी असते तिच्या प्रमाणात वाढतो, पण लांबीच्या वर्गाने कमी होतो. लांबी दुप्पट केली तर आरपीएम चौथाई. उत्पादकांच्या कॅटलॉगमध्ये सूत्र असतं, एक टोक फिक्स आणि दुसरं नुसतं सपोर्ट असेल तर १५.१ गुणिले मुळाचा व्यास, भागिले लांबीचा वर्ग, गुणिले १ कोटी. सगळं मिमीमध्ये, आणि २० टक्के सेफ्टी त्यात आधीच धरलेली. तुमचा १६१० टाकून बघा, मूळ साधारण १३, लांबी १३००, उत्तर ११६० आरपीएमच्या आसपास, १० च्या लीडने साडेअकरा मीटर प्रति मिनिट. म्हणून तो लोण्यासारखा चालतो. आता २५१० टाका, मूळ साडेएकवीस, लांबी २७००, आले ४४५ आरपीएम. म्हणजे साडेचार मीटर, बरोबर माझा घुमायचा आकडा. ३२ चा घेतलात तरी साडेपाच मीटरच्या वर जात नाही, आणि ३२ चा २७०० लांब स्क्रू १७ किलोच्या घरात जातो, तो फिरवायचा कोणी?

आता कापायला किती लागतं बघा. ६ मिमीचा दोन धारांचा टूल, १८००० आरपीएम, एमडीएफला दर धारेला ०.१५ मिमी धरलं तर ५.४ मीटर प्रति मिनिट. म्हणजे साध्या कापालाच स्क्रूची मर्यादा संपली, रॅपिड तर पुढची गोष्ट. हळू चालवलं तर टूल लाकूड कापण्याऐवजी घासतो, कडा काळ्या पडतात, टूल तापतो आणि लवकर बोथट होतो. मी वर्षभर काळ्या कडा पॉलिशपेपरने घासत बसलो होतो.

दुसरं, एकच स्क्रू मधोमध असेल आणि स्पिंडल गॅन्ट्रीच्या टोकाला असेल तेव्हा कापायचा जोर मधल्या स्क्रूपासून ६०० मिमी लांब पडतो, गॅन्ट्री तिरकी व्हायला बघते. माझ्याकडे डाव्या कडेच्या जाळीची भोकं किंचित लंबगोल यायची. तुमच्याकडे दोन मोटरी आहेतच तर दोन्ही बाजूंना लावा.

मी आता मॉड्यूल (दाताचं माप) दीडचा रॅक, २० दाताचा पिनियन आणि एकास चार बेल्टचं रिडक्शन वापरतो. मोटरवर १८ दात, पिनियनच्या शाफ्टवर ७२ दात, एचटीडी ५एम बेल्ट (५ मिमीला एक दात असलेला) १५ मिमी रुंद. पिनियनचा एक फेरा ९४.२५ मिमी, भागिले ४, म्हणजे मोटरच्या फेऱ्याला २३.५६ मिमी. मोटर ५०० आरपीएमला फिरली तरी पावणेबारा मीटर. रिडक्शन टाळू नका, पिनियन थेट मोटरला लावला तर एक फुल स्टेप ०.४७ मिमीची होते आणि मायक्रोस्टेपिंग (ड्रायव्हरने एका स्टेपचे बारीक तुकडे करणं) लोडखाली त्यातलं सगळं भरून काढत नाही. चारचं रिडक्शन घातलं की तीच स्टेप ०.१२ वर येते आणि जोरही चौपट.

अॅक्रिलिकवाली

बेल्टबद्दल मी सांगते कारण माझ्याकडे आहे, नाशिकरोडला साइनबोर्डचं काम करते. अॅक्रिलिक आणि फोमशीट कापायला एचटीडी ५एम १५ मिमीचा बेल्ट दोन वर्षं उत्तम चालला, आवाज नाही, तेल नाही, धूळ चिकटत नाही. पण तुमच्या कामाला नको. बेल्ट जितका लांब मोकळा तितका तो ताणतो, त्यामुळे गॅन्ट्री मोटरच्या जवळ असते तेव्हा घट्ट आणि लांबच्या टोकाला गेली की हाताने ढकललं तरी स्पंजासारखी हलते. मला हे बोर्डवरच्या अक्षरांत दिसलं, एका टोकाची गोल अक्षरं गोल आणि दुसऱ्या टोकाची जराशी अंडाकृती. गॅन्ट्री १८ किलोची असून ही गत. ५५ किलो आणि सागवान म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यात लाट येईल.

बेल्टच लावायचा हट्ट असेल तर स्टील कॉर्डचा पॉलियुरेथेन बेल्ट घ्या, किंवा एक बेल्ट दात वर करून फ्रेमवर चिकटवायचा आणि दुसरा त्याच्या दातात बसवत फक्त पिनियनभोवती उचलायचा, मग मोकळी लांबी वीतभरच राहते. ती पद्धत चांगली आहे पण धूळ दोन बेल्टच्या मध्ये अडकली की दात नीट बसत नाहीत, लाकडाच्या वर्कशॉपला तो ताप कशाला.

जुना_टर्नर

सर्व वाचलं. मी ३४ वर्षं सातपूरला टूलरूममध्ये काढली, त्यामुळे स्क्रूला कोणी नावं ठेवली की मला बोलावंसं वाटतं. लांबीला स्क्रू चालतच नाही असं नाही, तो फिरवायचा नसतो. स्क्रू दोन्ही टोकांना घट्ट धरून ताणून ठेवायचा आणि नट बेअरिंगमध्ये बसवून बेल्टने नट फिरवायचा, मोठ्या मशीनवर हीच रचना असते. फडफडण्याची भानगड जवळजवळ मिटते आणि जड स्क्रू फिरवायची ताकदही वाचते. आता ही ताकद किती ते बघ बाळा, २५ मिमी जाडीचा २७०० चा गज १० किलोचा, त्याचं फिरण्याचं जडत्व ८ किलो सेंटीमीटर वर्ग. तुझी ५५ किलोची गॅन्ट्री १० च्या लीडमधून मोटरला फक्त १.४ एवढीच जाणवते. म्हणजे मोटर गॅन्ट्री ओढत नाही, पाचपट ताकद स्क्रूलाच फिरवण्यात घालवते. दर वेळी दिशा बदलली की हा भुर्दंड, आणि नक्षीकामात दिशा सेकंदाला बदलते.

पण फिरणाऱ्या नटाचं हाउसिंग लेथवर नीट बोअर करून, बेअरिंगला प्रीलोड (खेळ राहू नये म्हणून आधीच दाब) देऊन बनवावं लागतं, दोन्ही बाजूंना दोन. लाकडाला ०.२ मिमी पुरत असेल तर एवढा खटाटोप करू नये, रॅकच बरा. अॅल्युमिनियम किंवा साचे कापायचे असते तर मी वेगळं सांगितलं असतं.

आता रॅकच्या बॅकलॅशचं. दुकानदाराने सांगितलं ते खोटं नाही, पण अर्धं आहे. पिनियन बोल्टने एका जागी आवळून बसवला तर खेळ राहणारच, कारण रॅक कुठे पाव मिमी वर असतो, कुठे खाली. म्हणून मोटरची प्लेट एका पिव्हटवर झुलती ठेवायची आणि स्प्रिंगने पिनियन रॅकच्या दातात दाबून धरायचा. मग पिनियन दाताच्या दोन्ही बाजूंना टेकून चालतो आणि खेळ राहत नाही.

स्प्रिंग किती जोराचा, इथे बहुतेक जण चुकतात. दाताचा कोन २० अंशांचा असतो, त्यामुळे पिनियन जेवढ्या जोराने पुढे ढकलतो त्याच्या ३६ टक्के जोराने तो रॅकपासून दूर जायला बघतो. कापताना आणि वेग घेताना मिळून एका बाजूला ३०० न्यूटन धरलेस तर ११० न्यूटन, म्हणजे ११ किलो दाब नुसता पिनियन जागेवर ठेवायलाच लागतो. मी २० किलो ठेवायला सांगेन. स्प्रिंग ढिला पडला तर पिनियन दातावर चढतो आणि एक दात उडी मारून पुढे जातो, काम वाया. फार कडक ठेवलास तर पिनियन आणि शाफ्टचे बेअरिंग लवकर खातात. साध्या काट्याला अडकवून स्प्रिंग ओढून बघ, नुसत्या अंदाजाने घालू नकोस. आणि पिव्हट बोल्टलाच प्लेट घासू देऊ नकोस, त्यात बेअरिंग घाल, नाहीतर एक खेळ काढायचा आणि दुसरा आणायचा असं होईल.

पिनियनला नुसता ग्रब स्क्रू नको, चावी (शाफ्ट आणि पिनियनच्या खाचेत बसणारी पट्टी) घाल. आणि बोअर मध्यावर आहे का ते शाफ्टवर चढवून डायल गेजने बघ. बाहेरगावाहून मागवलेल्या एका पिनियनचा बोअर मला ०.१५ ने बाजूला सापडला होता, तो परत केला.

देवघरवाला_अंबड

काका, दादा, ताई, मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगत नाही. १६१० का चालतो आणि २५१० का चालणार नाही हे आकड्यात बघितल्यावर रात्री वडिलांनाही दाखवलं, ते म्हणाले लांब फळीच्या करवतीचंही असंच असतं, पातं लांब झालं की हेलकावतं.

तर रॅक नक्की. दोन गोष्टी अजून. सरळ दाताचा घ्यावा की हेलिकल (तिरक्या दाताचा)? आणि रॅक १ मीटरच्या तुकड्यांत मिळतो, प्रत्येक बाजूला तीन तुकडे, मग जोडावर दाताचं अंतर बिघडणार नाही का? त्या एका जागी नक्षीत रेघ दिसेल अशी भीती वाटतेय.

पिनियन_२०

जोडाची भीती रास्त आहे आणि त्यावर अगदी सोपा उपाय आहे. त्याच रॅकचा १५० मिमीचा तुकडा कापून घ्या. दोन तुकडे फ्रेमवर सैल बोल्टने लावा, तो छोटा तुकडा उलटा करून जोडाच्या बरोबर वर, दातात दात घालून बसवा, सी क्लॅम्पने आवळा, आणि मग बोल्ट घट्ट करा. छोट्या तुकड्याचे दात दोन्ही बाजूंच्या दातांना आपोआप योग्य अंतरावर आणतात. दोन रॅकची टोकं एकमेकांना चिकटली पाहिजेत असा आग्रह धरू नका, मध्ये केसाएवढी फट राहिली तरी चालते, दाताचं अंतर बरोबर हवं. घट्ट केल्यावर क्लॅम्प काढा, तो तुकडा हाताने अलगद उचलला गेला तर जोड बरोबर, अडकला तर परत सैल करा. मला पहिल्या जोडाला तासभर लागला, बाकीचे दहा दहा मिनिटांत झाले.

हेलिकलची गोष्ट मजेशीर आहे. त्याच्या दाताचा कल १९ अंश ३१ मिनिटं ४२ सेकंद असा विचित्र असतो, तो मुद्दाम ठेवलेला आहे, त्या कलात मॉड्यूल दीडच्या दोन दातांतलं अंतर बरोबर ५ मिमी येतं. म्हणजे २० दाताच्या पिनियनचा फेरा पूर्ण १०० मिमी आणि मोटरच्या फेऱ्याला १६०० स्टेप, एकास चार रिडक्शन धरलं तर मिमीला नेमक्या ६४ स्टेप. सरळ दाताला तोच आकडा ६७.९०६ येतो. पण कंट्रोलरला दशांश टाकला की काम झालं, त्यात अडचण काही नाही. हेलिकल आवाज कमी करतो, चाल मऊ असते. फक्त एक ध्यानात ठेवा, हेलिकलच्या जोडाला त्याच रॅकचा तुकडा चालत नाही, उलट्या कलाचा लागतो, आणि पिनियनही रॅकच्या उलट कलाचा. पहिल्यांदा बांधताय तर सरळ दाताचा घ्या असं माझं मत.

रॅक लावायच्या आधी पाईप बघा. वेल्डिंगने तो ओढला जातोच. रेलच्या ब्लॉकवर डायल बसवा, रॅकच्या दाताच्या फटीत ३ मिमीची डॉवेल पिन ठेवा, डायलचं टोक पिनवर टेकवा आणि दर १०० मिमीला पिन हलवून रीडिंग लिहून काढा. ०.१ च्या आत सगळं आलं तर उत्तम, जिथे जास्त तिथे पत्र्याची शिम घाला. हे काम एका दिवसात उरकू नका.

आणि शक्य असेल तर रॅकचे दात खाली तोंड करून लावा. वर केले की एमडीएफची धूळ दातांत भरते, पावसाळ्यात ती ओली होऊन दगडासारखी बसते आणि पिनियन तिच्यावर चढतो. ग्रीस चोपडू नका, पातळ तेलाचा हात पुरे.

कंट्रोलपॅनल

वायरिंगचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. दोन्ही बाजूंच्या ड्रायव्हरला अलार्मचं आउटपुट असेल तर दोन्ही अलार्म एकत्र करून इमर्जन्सीत द्या, कोणताही एक ड्रायव्हर बंद पडला तर दोन्ही बाजू त्याच क्षणी थांबल्या पाहिजेत. एक बाजू थांबली आणि दुसरी चालत राहिली तर गॅन्ट्री पिळली जाते आणि रेलचे ब्लॉक जातात. होमिंगला (मशीन सुरुवातीच्या शून्य जागी नेताना) दोन्ही बाजूंना वेगवेगळे स्विच लावा, कंट्रोलर दोन्ही मोटरी वेगवेगळ्या थांबवू शकेल असा घ्या, म्हणजे रोज सकाळी मशीन स्वतः काटकोनात येईल.

देवघरवाला_अंबड

तीन महिन्यांनी येतोय, उशीर झाला, लग्नसराईचं काम होतं.

सगळं सांगितलं तसं केलं. सरळ दाताचा रॅक, दात खाली, एकास चार रिडक्शन, झुलती प्लेट, स्प्रिंग काट्यावर २० किलोला सेट. उजव्या पाईपमध्ये मधल्या भागात ०.६ मिमीचा बाक निघाला, शिमा घालून ०.०८ वर आणला. डॉवेल पिन फटीत ठेवून डायलचा काटा जागचा न हलता पुढच्या दातावर पण तोच आकडा दाखवतो तेव्हा फार बरं वाटतं. स्पीड आत्ता ९ मीटरवर ठेवलाय, डगमग काही नाही.

काटकोनाचं एक सांगतो, कोणाला उपयोग होईल. पहिल्या दिवशी २४०० बाय १२०० च्या चार कोपऱ्यांना ३ मिमीची भोकं पाडली आणि दोन्ही कर्ण मोजले. कर्ण २६८३ यायला हवा, माझ्याकडे दोघांत साडेतीन मिमीचा फरक. गणित मांडलं तर या मापाला गॅन्ट्री १ मिमी तिरकी असेल तर कर्णांत १.८ मिमीचा फरक पडतो, म्हणजे माझी जवळजवळ २ मिमी तिरकी होती. डाव्या बाजूचं होमिंग ऑफसेट २ मिमीने बदललं, परत चार भोकं पाडली, आता फरक अर्ध्या मिमीच्या आत आहे.

टर्नर काका, तुम्ही सांगितलं तसं पिनियनचे बोअरही तपासले, एक ०.०२ आणि दुसरा ०.०४ निघाला, दोन्ही ठेवले. काल सागवानाच्या पहिल्या देवघराची कमान कापली, दोन्ही अर्ध्या कमानी वडिलांनी हातात घेऊन जोडून उजेडाकडे धरल्या, जोडातून उजेड आला नाही. जोडाच्या जागी रेघ आहे का म्हणून बोट फिरवून बघितलं, नाहीये. आता धुळीसाठी सक्शनची पाईप कशी फिरवायची ते विचारायचंय, त्याचा वेगळा धागा काढतो.